लाखोळी, पांगळे पाय आणि वाकलेला कणा

छत्तीसगढच्या मैदानात भात अजून उभा असतो, बांधीतले पाणी नुकते ओसरू लागलेले असते, आणि त्या ओल्या चिखलात शेतकरी दुसऱ्या पिकाचे बी फेकून मोकळा होतो. नांगरट नाही, खत नाही, पाण्याची पाळी नाही. या पद्धतीला तिकडे ‘उतेरा’ म्हणतात. भात कापून नेला की धसकटांमधून निळसर फुलांची एक नाजूक वेल वर येते. रायपूरच्या बाजारात तिच्या दाण्याला तिवरा किंवा लाखडी म्हणतात, हिंदी पट्ट्यात खेसारी, आणि भंडारा-गोंदिया-नागपूरकडे लाख किंवा लाखोळी. शास्त्रीय नाव लॅथिरस सॅटिव्हस. दाण्यात पंचवीस टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात. पाऊस दगा देऊन गेला, हरभरा वाळला, गहू करपला, तरी ही वेल तग धरते.

तिचा हाच गुण तिच्यावरील आरोपाचे कारण ठरला. या वेलीच्या कुळावर वैद्यकाने गेल्या दोन शतकांत दोन वेगवेगळे आरोप ठेवले. पहिला, ती माणसाचे पाय लुळे करते. दुसरा, ती वाढत्या वयातील कणा वाकवते. दोन्ही आरोप पाठीशी संबंधित आहेत. पहिला कण्याच्या आतल्या मज्जारज्जूविषयी, दुसरा मज्जारज्जूभोवतीच्या हाडांविषयी. दोहोंना एकच नाव मिळाल्यामुळे जो घोळ झाला तो निस्तरायला विज्ञानाला बरीच वर्षे लागली. आणि किशोरवयात मुलामुलींचा कणा वाकतो तो आहारामुळे का, या आजही घरोघर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या घोळातूनच निघाले.

पायांच्या आरोपाची नोंद फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत ‘कलायखंज’ नावाची व्याधी येते: चालू लागताच रोगी थरथरतो आणि लंगडतो. ‘कलाय’ म्हणजे वाटाण्याच्या जातीचे कडधान्य. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात ‘त्रिपुट’ या धान्याला पांगळेपणाचा दोष दिलेला आहे. युरोपात व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकने १६७१ मध्ये या धान्याच्या पिठाची भाकरी करण्यास मनाई केली. नेपोलियनच्या फौजांनी स्पेन व्यापला असताना १८११-१२ च्या सुमारास माद्रिदमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा गोयाने आपल्या युद्धचित्रमालेतील एक चित्र याच धान्याच्या लापशीवर जगणाऱ्यांचे काढले.

हिंदुस्थानातील सर्वांत ठसठशीत वर्णन मात्र वैद्याचे नाही, एका प्रशासकाचे आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या विल्यम स्लीमन याने सागर भागातील हकिगत आपल्या प्रवासवर्णनात नोंदवली. १८२९ पासून तेथे गहू सतत बुडत गेला आणि लोक तिवऱ्यावर आले. १८३३ च्या सुमारास गावोगावच्या तरुणांचे कमरेखालचे अंग एकाएकी निकामी होऊ लागले. पीडित कोण होते हे स्लीमनने नेमके टिपले: तिशीच्या आतली माणसे, मुले आणि मुली दोन्ही. म्हातारे त्याच घरात, त्याच हंडीतले खाऊन चालते-फिरते राहिले. वयाचा हा धागा पुढे पुन्हा पुन्हा हाती येतो.

‘लॅथिरिझम’ हा शब्द १८७३ मध्ये नेपल्सच्या कांतानी या वैद्याने रूढ केला. त्यानंतर दोन दशकांनी मध्य प्रांतावर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ लागोपाठ कोसळले. भोसल्यांच्या काळापासून नागपूरशी बांधलेला छत्तीसगढ तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या याच प्रांतात होता आणि रायपूर हे त्या विभागाचे ठाणे. दुष्काळ सरल्यावर रस्त्यांवर काठी टेकत, टाचा उचलून, गुडघे एकमेकांवर घाशीत चालणारी तरुण माणसे दिसू लागली. १८९६ ते १९०२ या काळातील या रोगाचा मेजर ब्यूकॅनन यांनी तयार केलेला अहवाल १९०४ मध्ये नागपूरहून निघाला. वैद्यकात या रोगाच्या पायऱ्याही काठ्यांनीच मोजल्या जातात: बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा, आणि शेवटी हातांवर सरपटणारा. रंटगेनला क्ष-किरण सापडले ते १८९५ च्या नोव्हेंबरात, म्हणजे पहिल्या दुष्काळाच्या जेमतेम वर्षभर आधी. मध्य प्रांताच्या खेड्यांत ते यंत्र कोण नेणार? त्यामुळे काठ्या मोजल्या गेल्या. मणके आणि कंबरेची हाडे कोणी पाहिली नाहीत.

हाडांकडे लक्ष गेले ते अमेरिकेत, आणि तेही उंदरांमुळे.

विस्कॉन्सिन विद्यापीठातील हॅरी स्टीनबॉक हे नाव मुडदुसाच्या इतिहासात ठळक आहे. अन्नावर अतिनील किरण पाडले की त्यात ड जीवनसत्त्व तयार होते हे त्यांनी १९२४ मध्ये दाखवले, आणि मुलांची हाडे वाकवणारा एक आजार औद्योगिक देशांतून जवळजवळ हद्दपार होण्याची वाट खुली झाली. आहारातील उणिवेमुळे हाड वाकते हे ज्याने इतके स्वच्छ पाहिले, त्याच प्रयोगशाळेत आहारातील भरीमुळे हाड वाकण्याचा शोध लागावा, हा योगायोग मोठा बोलका आहे. १९३३ मध्ये गायगर, स्टीनबॉक आणि हेलन पार्सन्स यांनी लॅथिरस कुळातील वेगवेगळ्या बिया वाढत्या उंदरांना खाऊ घातल्या. पाय लुळे पडतील अशी अपेक्षा. बागेत सुवासिक फुलांसाठी लावतात त्या ‘स्वीट पी’च्या, म्हणजे लॅथिरस ओडोरॅटसच्या बिया खाल्लेले उंदीर लंगडू लागले हे खरे, पण त्याचे कारण वेगळेच होते. त्यांचे कणे बाजूला आणि मागे असे दुहेरी वाकले होते, छातीचे पिंजरे पिळले होते. त्या निबंधाचे शीर्षकही ‘उंदरातील लॅथिरिझम’ असेच होते. एका नावात दोन रोग कोंबले गेले ते येथे.

या वाकलेल्या उंदरांकडे अस्थिशल्यचिकित्सकांचे लक्ष जाणे अपरिहार्य होते. दहा ते अठरा या वयात, इतर बाबतीत निरोगी असलेल्या मुलामुलींचा कणा एका बाजूला वळत जातो, मणके स्वतःभोवती पिळतात, एक खांदा वर दिसतो, पाठीवर एका बाजूच्या बरगड्या उचलल्या जातात. याला स्कोलिओसिस म्हणतात. अमेरिकेतील जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये सांगितलेल्या पद्धतीने क्ष-किरण चित्रावर या वाकाचा कोन मोजतात. दहा अंश किंवा अधिक भरला तर निदान पक्के. किशोरवयातील दोन ते तीन टक्के मुलांत तो आढळतो, आणि मोठा, वाढत जाणारा वाक मुलींमध्ये कितीतरी अधिक. कारण माहीत नसल्यामुळे वैद्यकाने त्याला ‘इडिओपॅथिक’ असे भारदस्त नाव दिले.

आयोवा विद्यापीठातील इग्नासियो पोन्सेती यांना हे भारदस्त नाव पुरेसे वाटले नाही. मेनोर्का बेटावर जन्मलेले पोन्सेती स्पॅनिश यादवीत जखमींवर उपचार करीत होते; पराभवानंतर परागंदा होऊन मेक्सिकोमार्गे ते १९४१ मध्ये आयोवाला पोहोचले. जन्मजात वाकड्या पावलावरील त्यांची प्लास्टरची पद्धत आज भारतातल्या जिल्हा रुग्णालयांतही वापरली जाते, परंतु त्यांच्या आयुष्याची बरीच वर्षे स्कोलिओसिसच्या मागे गेली. १९५२ मध्ये बेअर्ड यांच्यासह त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला: स्वीट पीच्या बिया खाल्लेल्या कोवळ्या उंदरांचे कणे वाकलेच, शिवाय त्यांच्या महारोहिणीच्या भिंती आतून फाटल्या होत्या.

रोगाचे स्वरूप कळले ते या दुसऱ्या निरीक्षणातून. हाड आणि रोहिणी यांत समान काय? कॅल्शियम नव्हे. समान आहे ती त्यांना बांधून ठेवणारी संयोजी ऊती, म्हणजे कोलॅजेन आणि इलॅस्टिनचे धागे. दोष विटांचा नव्हता, दोरखंडाचा होता.

पुढील उलगडा वेगाने झाला. १९५४ मध्ये स्वीट पीतील विषारी घटक वेगळा करण्यात आला, आणि त्यातला प्रभावी भाग बीटा-अमिनोप्रोपिओनायट्राइल हे लहानसे रेणू असल्याचे लवकरच स्पष्ट झाले. १९५९ मध्ये लेव्हीन आणि ग्रॉस यांना या विषाने बाधित कोंबडीच्या भ्रूणात असे कोलॅजेन मिळाले की जे साध्या मिठाच्या थंड द्रावणात विरघळून बाहेर येत होते. निरोगी कोलॅजेन असे सहज सुटत नाही, कारण त्याच्या शेजारशेजारच्या तंतूंमध्ये रासायनिक टाके असतात. हे टाके घालणारे विकर, लायसिल ऑक्सिडेज, १९६८ मध्ये पिनेल आणि मार्टिन यांनी दाखवले. स्वीट पीचे विष नेमके या विकरालाच बांधून निकामी करते. तांब्याच्या अणूवाचून हे विकर चालत नाही, म्हणून तांब्याची तीव्र उणीव असलेल्या प्राण्यांतही असेच ढिले कोलॅजेन दिसते.

आता वयाचा धागा. एकदा पडलेला टाका विष उसवू शकत नाही. ते फक्त नवे टाके पडू देत नाही. म्हणून वाढ पूर्ण झालेल्या उंदराचा सांगाडा बराचसा शाबूत राहतो आणि दूध नुकतेच सुटलेल्या पिल्लाचा कोलमडतो. यात भौतिकशास्त्राचीही बाजू आहे. उभा सडपातळ स्तंभ किती भाराखाली लवेल याचे सूत्र आयलरने अठराव्या शतकात मांडले: तो भार स्तंभाच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. उंची झपाट्याने वाढावी आणि बांधणीची ताकद मागे राहावी, हा लवण्याचा सोपा मार्ग. माणसाचा कणा हा काही एकसंध खांब नव्हे, स्नायू त्याला क्षणोक्षणी सावरत असतात. तरीही किशोरवयातील उंचीची उसळी हाच वाकाच्या वाढीचा काळ असतो, हे रुग्णालयातील प्रत्येक आलेखात दिसते.

मग छत्तीसगढच्या तिवऱ्यात हे विष आहे का? पिकलेल्या दाण्यात नाही. त्याचा गुन्हेगार निराळा, आणि तो भारतातच पकडला गेला. १९६४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सरमा यांनी, व त्याच वर्षी दिल्लीत मूर्ती, शेषाद्री आणि वेंकिटसुब्रमण्यन यांनी लाखोळीच्या दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळे केले. त्याला संक्षेपाने ओडॅप म्हणतात. मज्जातंतूंमधील ग्लुटामेट या संदेशवाहकाचे ते सोंग घेते, चेतापेशींना अतिरेकी उत्तेजित करते आणि पायांकडे आज्ञा नेणारे लांब तंतू त्यात बळी पडतात. म्हणजे स्लीमनने पाहिलेला रोग मज्जारज्जूचा, स्टीनबॉकने पाहिलेला हाडांचा. वेली सख्ख्या बहिणी, विषे वेगळी.

येथे विषय संपला असता, तर पाठ्यपुस्तके सुखी झाली असती. पण ग्रीसमधून एक अडचणीचा निबंध आला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन अंमलाखाली तेथे जो दुष्काळ पडला त्यात लोकांनी लाखोळी खाल्ली होती. पैसिओस आणि डेमोपुलोस यांनी १९६२ मध्ये त्यातल्या पांगळ्या झालेल्या रुग्णांचे क्ष-किरण चित्रण प्रसिद्ध केले. कोवळ्या वयात विषबाधा झालेल्यांची कंबरेच्या हाडाची कड मूळ हाडाला सांधलेलीच नव्हती. मणक्यांच्या कडांवरील वर्तुळाकार अस्थिवलयेही सुटी राहिली होती. ही सांधणी विशीच्या आसपास पूर्ण व्हायला हवी. ट्रान्सनिस्ट्रियातील वाप्न्यार्का या छळछावणीत १९४२-४३ च्या हिवाळ्यात ज्यू कैद्यांना हेच धान्य खायला घातले जात होते. कैद्यांतीलच डॉक्टर आर्थर केसलर यांनी रोग ओळखला. त्यांपैकी इस्राएलला पोहोचलेल्यांच्या तपासणीत पुढे कोन आणि श्ट्राइफ्लर यांना हाडांची तशीच खूण सापडली. योगायोग असा की कंबरेच्या हाडाची हीच कड पाहून आजचे शल्यचिकित्सक स्कोलिओसिसच्या मुलीची वाढ किती उरली आहे हे ठरवतात. १९५८ मध्ये रिसर यांनी सांगितलेली ती खूण.

दाण्यात हाडाचे विष नसताना हे कसे घडले? बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातील फेर्नांद लाम्बाइन यांनी एक दुवा दिला. लाखोळीच्या अंकुरांत आणि कोवळ्या रोपांत असे एक संयुग असते की ज्यापासून स्वीट पीचे विष तयार होऊ शकते. १९९७ मध्ये बांगलादेशातील पांगळ्या रुग्णांच्या पाहणीत काहींच्या हाडांतही विकृती आढळली, आणि त्यांनी दाण्यांखेरीज कोवळे शेंडेही भरपूर खाल्ल्याचे दिसले. अर्थात उपासमार स्वतःच हाडांची वाढ खुंटवते. दुष्काळातील रुग्णात भूक आणि विष यांचे हिशेब वेगळे मांडणे सोपे नसते. रायपूरकडे तिवऱ्याची कोवळी भाजी आवडीने खाल्ली जाते, वाळवूनही ठेवतात. भातासोबत वाढलेली चार घासांची भाजी आणि दुष्काळात महिनोन्महिने दोन्ही वेळा तेच खाणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे येथेच नोंदवले पाहिजे. नाहीतर उद्या एखादी निरोप्याची साखळी या भाजीला कुबडाचे कारण म्हणून गावभर फिरवील.

पोन्सेतींच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र नकारार्थी आले. किशोरवयातील सामान्य स्कोलिओसिसमध्ये स्वीट पीसारखे कोणतेही अन्नविष सापडले नाही. ओढा आनुवंशिकतेकडे आहे; जपानी संशोधकांनी २०११ मध्ये एलबीएक्स-१ या जनुकाजवळचा संबंध दाखवला. हाँगकाँगच्या अभ्यासांत अशा मुलींच्या हाडांची घनता कमी भरते असे दिसले, ड जीवनसत्त्वही अनेकींत कमी असते. परंतु ते भरून काढल्याने वळलेला कणा सरळ झाल्याचा पुरावा नाही. दूध, डाळ, अंडी, ऊन ही वाढत्या हाडाची गरज आहे आणि ती प्रत्येक मुलीला मिळायलाच हवीत. ती कोनाचे औषध नव्हेत. औषधाच्या जवळ जाणारी गोष्ट आहे पट्टा. पोन्सेतींच्याच आयोवा विभागातील स्टुअर्ट वाइनस्टीन यांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पट्टा वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांचा वाक शस्त्रक्रियेच्या पातळीपर्यंत गेला नाही. केवळ निरीक्षणाखाली ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. दिवसाचे जितके अधिक तास पट्टा, तितके यश अधिक. हा पट्टा वाढ चालू असेपर्यंतच उपयोगी पडतो. ‘आधी खाण्यापिण्याने बघू’ म्हणून घालवलेली दोन वर्षे परत येत नाहीत.

आणि तिवरा? १९६१ मध्ये केंद्राने त्याच्या विक्रीवर बंदी आणली. अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली, त्यामुळे कोठे बंदी, कोठे मोकळीक. शेतात तो पिकतच राहिला, बेसनात आणि तूरडाळीत मिसळला जात राहिला. रीवा भागात वेठीच्या शेतमजुरांना मजुरी म्हणून तोच दिला जाई, आणि पांगळे होत ते मजूर. मालकाच्या ताटात गहू असे. विषाचे नाव ओडॅप खरे, पण ते कोणाच्या पोटात किती जाते हे जमिनीची मालकी ठरवीत होती. बंदीने या व्यवस्थेला हात लावला नाही. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदीविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला, उपोषणे केली. ‘लाखोळी निर्दोष आहे’ हा टोकाचा दावा ओडॅपची रासायनिक कथा पाहता मान्य करणे कठीण. परंतु गरिबाच्या पिकाला गुन्हेगार ठरवून भूक तशीच ठेवली गेली, हा त्या लढ्यामागचा रोख खोटा नव्हता.

दरम्यान पैदासकारांनी वेगळी वाट धरली. जुन्या वाणांच्या तुलनेत ओडॅपचे प्रमाण फारच कमी असलेले रतन, प्रतीक आणि रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाचे महातिवरा हे वाण आले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञांनी या तिन्हींना अनुकूलता दर्शवल्याची बातमी जानेवारी २०१६ मध्ये आली आणि वादाला पुन्हा तोंड फुटले. त्या वादात एक गोष्ट फारशी बोलली गेली नाही: दाण्यातील ओडॅप केवळ वाणावर ठरत नाही. पाण्याचा ताण पडला, जमिनीत जस्त कमी असले, की त्याच वाणात ते वाढते. मधमाश्यांमुळे शेजारच्या जुन्या वाणाशी संकरही होतो. म्हणजे चांगल्या वर्षी निरुपद्रवी असलेला दाणा नेमका अवर्षणाच्या वर्षी, घरात दुसरे काहीच नसताना, अधिक विषारी होण्याची शक्यता असते.

डाळ रात्रभर भिजवून, उकळून, ते पाणी फेकून दिले की ओडॅपचा मोठा भाग निघून जातो, कारण ते पाण्यात विरघळते. दुष्काळात सरपण आणि पाणी दोन्ही महाग असतात ही गोष्ट वेगळी. इथिओपियातील दुष्काळात लाम्बाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले की ज्या घरांत लाखोळीबरोबर पुरेसे तृणधान्य मिसळले जात होते तेथे पांगळेपणा कमी होता. गव्हा-तांदळातील गंधकयुक्त अमिनो आम्ले लाखोळीत कमी असतात, आणि शरीराची विषाशी झुंज त्यांच्यावरच अवलंबून असते. छत्तीसगढने आपला अन्नसुरक्षा कायदा डिसेंबर २०१२ मध्ये, केंद्राच्या कायद्याच्या आधी, मंजूर केला. रायपूरच्या आसपासच्या ज्या घरांत आज तिवऱ्याची डाळ शिजते, तेथे तिच्याबरोबर रेशनचा तांदूळही शिजत असतो.